पाणी कामून सोडलं?

मराठी माणसाइतके पाणी जगात दुसरे कोणी सोडत नसेल. आपण वडिलोपार्जित जमिनीवर पाणी सोडतो, प्रमोशनवर पाणी सोडतो, दर्भ धरून हातावरून पाणी सोडतो. आमच्या जवळा बाजारात तर "पाणी सोडलं का?" हा प्रश्न "कसं काय, बरंय ना?" या चालीवर विचारतात. त्याचा अर्थ एवढाच, की पूर्णा प्रकल्पाच्या कालव्याला पाणी आले का? आले असेल तर विचारणारा पासबुक काउंटरवर टाकून शेताकडे पळतो. आले नसेल तर तो बँकेच्या बाकावर पंख्याखाली बसून राहतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तोच प्रश्न विचारतो. मी सेव्हिंगच्या काउंटरवर असल्यामुळे कालव्याची पाळी कधी आहे, हे मला बाकाकडे बघून सांगता येते.

इतक्या प्रकारच्या पाण्याशी ज्याचा रोजचा संबंध, त्या माणसाला बारावीच्या रसायनशास्त्रातले पाणी स्वस्थ बसू देत नाही, हे सांगितले तर कोणाला पटणार नाही. पण तसे झाले आहे खरे. आणि मी हे विनोदाने लिहीत असलो तरी माझे भांडण विनोदी नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आमची कन्या बारावी सायन्सला आहे. ती नांदेडच्या एका क्लासला जाते. क्लासचे नाव सांगत नाही. कारण एक म्हणजे आमचा एक हप्ता अजून द्यायचा आहे, आणि दुसरे म्हणजे असे क्लास सगळे एकाच साच्यातले असतात, नाव कोणाचेही टाका. संक्रांतीच्या सुमारास ती घरी आली ती नोट्सचा गठ्ठा घेऊन. मी कॉमर्सचा पदवीधर. रसायनशास्त्राशी माझा संबंध शाईच्या डागापुरता. तरी बापाने मुलीच्या वह्या अधूनमधून गंभीर चेहऱ्याने चाळाव्यात अशी रीत आहे, म्हणून चाळल्या. नोट्स इंग्रजीत होत्या. एका पानावर जाड चौकट होती आणि तिचा मराठीत सारांश असा: अल्डिहाइडचे दोन रेणू सौम्य कॉस्टिक सोड्यात एकत्र आले की अल्डॉल तयार होतो, अल्डॉल तापवला की पाणी सोडतो. पुढे एक बाण. बाणाच्या डोक्यावर एक छोटा त्रिकोण. आणि खाली ठळक अक्षरांत हुकूम: पाठ करा.

त्रिकोण म्हटला की मला लहानपणी एस.टी. स्टँडच्या भिंतीवर पाहिलेला कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण आठवतो. मी तसे म्हणताच कन्येने कपाळाला हात लावला. हा त्रिकोण तापवण्याची खूण आहे म्हणाली.

"बरं. पण तो पाणी कामून सोडतो?" मी विचारले. (कामून म्हणजे पुण्याकडच्या मंडळींचे 'का बरे'. आमच्या भागात लहान मूल आई-बाबांच्या पाठोपाठ हाच शब्द शिकते.)

"तापवलं म्हणून."

"तापवलं की सगळंच पाणी सोडतं का? स्पिरिट तापवलं तर सोडील?"

"बाबा, सर म्हणतात, कामून विचारलं की एक मिनिट जातं. आणि एका प्रश्नाला असतंच एक मिनिट."

हिशेब चोख होता. नीटच्या परीक्षेत 180 मिनिटांत 180 प्रश्न असतात, त्यात रसायनशास्त्राचे 45. त्यातले मिनिट 'कामून'ला द्यायला कोणाला परवडणार? मी गप्प बसलो असतो. पण आमचे संभाषण शेजारच्या बप्पांनी कुंपणावरून ऐकले.

बप्पा म्हणजे आमच्या गल्लीचे वडीलधारे. त्यांची हळद आहे. त्या दिवसांत त्यांच्या आवारात हळद शिजवण्याचे काम चालू होते. पूर्वी कढईत शिजवीत, आता वाफेचा कुकर आला आहे. वाफेचे लोट आमच्या घरात येतात आणि आमची ही आठवडाभर सगळ्या कपड्यांना हळदीचा वास येतो म्हणून कुरकुरते. बप्पांनी खांद्यावरच्या गमछाने तोंड पुसले आणि शांतपणे विचारले, "पोरी, त्या तुझ्या आल्डूत आधी पाणी होतं का?"

कन्या म्हणाली, "म्हणजे?"

"म्हणजे असं बघ. माझ्या हळदीतून पाणी जातंय, मला ठाव आहे. पाच क्विंटल ओली घातली की वाळून क्विंटलभर हाती येती. पण ते पाणी म्या सोताच्या हातानं पाजलंय, म्हणून ते जातंय. तुझ्या आल्डूला पाणी कुणी पाजलं?"

मी बँकेत पंचवीसेक ऑडिट पाहिली आहेत. एवढा नेमका प्रश्न मी एकाही ऑडिटरच्या तोंडून ऐकलेला नाही. जी वस्तू खात्यात जमाच नाही ती खर्ची कशी पडली? आणि हा प्रश्न क्लासमधल्या एकाही मुलाने विचारला नव्हता. विचारता येऊ नये अशीच तिथली व्यवस्था आहे.

उत्तर मिळाले ते दुसऱ्याच आठवड्यात, बँकेत. आमच्या शाखेत पेन्शनसाठी एक निवृत्त प्राध्यापक येतात. आयुष्यभर त्यांनी रसायनशास्त्र शिकवले. मी त्यांच्या पासबुकावर नोंद करता करता सहज विचारले, "सर, अल्डॉल पाणी कामून सोडतो?" गृहस्थांचा चेहरा असा उजळला, की महागाई भत्ता वाढल्याच्या बातमीनेही तो कधी तसा उजळला नव्हता. त्यांनी पैसे काढण्याच्या स्लिपांचा गठ्ठा ओढला आणि कोऱ्या बाजूवर आकृत्या काढायला सुरुवात केली. मागे रांग होती. रांगेने दोन वेळा खाकरून पाहिले. मग रांगही ऐकू लागली, कारण कालव्याला पाणी नव्हते.

सर म्हणाले, "तुमच्या बप्पांचा संशय बरोबर आहे. अल्डॉलमध्ये पाणी नसतंच. हळदीत मुरलेलं असतं तसं थेंबभरसुद्धा नसतं. एका कार्बनवर ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडगोळी बसलेली असते आणि शेजारच्या कार्बनवर एक सुटा हायड्रोजन असतो. क्षार आधी तो सुटा हायड्रोजन काढून नेतो, मग जोडगोळी निघते. दोघं वेगवेगळे निघतात. हिशेब केला की बेरीज एक पाणी होते."

म्हणजे पाणी आत नव्हते. जाताना तयार झाले. बँकेत कोणी अशी नोंद केली तर त्याची चौकशी लागते. निसर्गात चालते.

"पण निघतात कामून?" रांगेतून कोणीतरी विचारले.

हाच खरा मुद्दा होता. सरांनी सांगितले ते माझ्या समजुतीप्रमाणे असे. साधा अल्कोहोल पाणी सोडायला सहजासहजी तयार होत नाही. स्पिरिटाला तीव्र गंधकाम्लात 170 अंशांपर्यंत तापवावे, तेव्हा कुठे ते पाणी सोडून इथिलीन होते. कॉस्टिक सोड्यात घालून बसा, ते दाद देणार नाही. मग अल्डॉल त्याच सोड्यात का दाद देतो? कारण त्या सुट्या हायड्रोजनच्या पलीकडच्या घरात एक कार्बन आणि एक ऑक्सिजन दुहेरी बंधाने राहत असतात, आणि हा शेजारी मोठा ओढाळ आहे. इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढायची त्याला खोड. त्या ओढीमुळे सुटा हायड्रोजन सैल पडतो. क्षाराने त्याला उचलला की त्याच्या मागे राहिलेले इलेक्ट्रॉन जागा शोधू लागतात आणि पुढच्या कार्बनवरच्या जोडगोळीला बाहेर ढकलून स्वतः तिथे दुहेरी बंध करतात. हा नवा बंध जुन्या बंधापासून बरोबर एक घर सोडून पडतो. दुहेरी, एकेरी, दुहेरी. अशा आळीपाळीच्या घरांत इलेक्ट्रॉनांना पाय पसरता येतात, म्हणून रेणू आधीपेक्षा सुखी होतो.

मी याचे लगेच वाणिज्य शाखेत भाषांतर केले. मुदत ठेव मुदतीआधी मोडायला कोणी राजी नसते. पण शेजारच्या योजनेत व्याज जास्त आहे असे कळले, की तोच माणूस दंड भरून ठेव मोडतो. अल्डॉल पाणी सोडतो तो तापवला म्हणून नव्हे. सोडल्यावर परतावा चांगला मिळतो म्हणून सोडतो. त्रिकोण म्हणजे नुसती घाई.

आणि आता माझ्या भांडणाचा गाभा. "केव्हा सोडतो?" असे विचारल्यावर सरांनी चार स्लिपा खर्ची घातल्या. थंड ठेवा, सोडा सौम्य ठेवा, तर अल्डॉल पाणी धरून बसतो. तापवा किंवा सोडा कडक करा, तर सोडतो. बेंझाल्डिहाइड नावाचा, बेंझिनचे कडे बाळगणारा अल्डिहाइड घेतला आणि त्याला ॲसिटोनशी भिडवले, तर तापवायची गरजच नाही. बी.एस्सी.ची पोरे साध्या तपमानाला, भांडे हलवता हलवता पिवळे स्फटिक मिळवतात. कारण नवा दुहेरी बंध एका बाजूने त्या ओढाळ शेजाऱ्याशी जुळतो आणि दुसऱ्या बाजूने कड्याशी. दोन्हीकडून व्याज! पाणी धरून बसेल कोण? उलट आयसोब्युटिराल्डिहाइड नावाचा एक गरीब जीव आहे. त्याचा अल्डॉल होतो, पण तो पाणी सोडू शकत नाही. सोड्यात तापवा, फार तापवा. फार तर तो मोडून पुन्हा मूळ अल्डिहाइड होईल. कारण ज्या कार्बनवरून तो सुटा हायड्रोजन जायचा, तिथे होता तो एकुलता एक हायड्रोजन आधीच जोडणीत खर्च झालेला असतो. खात्यात शिल्लक नाही, चेक वटणार कसा?

म्हणजे पहा. काही अल्डॉल न तापवता पाणी सोडतात. काही तापवूनही सोडत नाहीत. आणि नोट्समधली चौकट म्हणते, अल्डॉल तापवला की पाणी सोडतो. वाक्य दोन्ही टोकांना फाटलेले आहे, फक्त मधे शिवलेले आहे. आणि त्याच्याखाली लिहिले आहे, पाठ करा! आम्ही बँकेत एखाद्या फॉर्मवर "कर्ज घेतले की फिटते" असे छापले तर? बहुतेकांचे फिटते, हे खरे आहे. पण ज्याचे फिटत नाही त्याच्यासाठीच तर सगळे नियम लिहावे लागतात.

(जाता जाता: अल्डॉल हे नाव 1872 साली वुर्ट्झ नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ठेवले. अल्डिहाइडचा 'अल्ड' आणि अल्कोहोलचा 'ऑल'. त्याच सुमाराला रशियात बोरोदिन हा गृहस्थ याच विषयावर काम करीत होता. हा पेशाने रसायनशास्त्राचा प्राध्यापक आणि उरल्या वेळात संगीतकार. 'प्रिन्स इगोर' नावाचा ऑपेरा त्याने अठरा वर्षे रचला आणि 1887 मध्ये तो अपुरा ठेवूनच वारला. मग दुसऱ्या संगीतकारांनी तो पुरा केला. नोकरी सांभाळून हौस करणाऱ्या माणसांविषयी मला विशेष आपुलकी आहे. माझे अपुरे लेख पुरे करायला मात्र आमच्या शाखेत कोणी तयार होईल असे वाटत नाही.)

नोट्समध्ये या सगळ्या प्रकाराचे एकच उदाहरण आहे. दोन ॲसिटाल्डिहाइड मिळून अल्डॉल आणि त्याने पाणी सोडले की क्रोटोनाल्डिहाइड. हा क्रोटोनाल्डिहाइड जवळा बाजारात कोणी पाहिलेला नाही. बिडी ओढणाऱ्यांनी तो नकळत हुंगलेला आहे, कारण तंबाखूच्या धुरात तो असतो. त्याच्या वाफेने डोळ्यांत पाणी येते. मुलांच्या डोळ्यांत ते नुसत्या नावाने येते.

आता मी संतापतो ते इथे. सर शेवटची स्लिप घेऊन म्हणाले, "बप्पांना सांगा, असला रेणू बघायला प्रयोगशाळेत जायची गरज नाही. त्यांच्या कुकरमध्येच शिजतोय." हळदीला पिवळी करणारे जे द्रव्य, त्याचे नाव कुरकुमीन. त्याच्या पोटात तीच ती आळीपाळीची घरे आहेत, एका टोकाच्या कड्यापासून दुसऱ्या टोकाच्या कड्यापर्यंत लांबच लांब पसरलेली. ही घरे निळाजांभळा प्रकाश शोषून घेतात, म्हणून आपल्याला उरलेला पिवळा दिसतो. हळदीत कुरकुमीन किती, हे प्रयोगशाळेत मोजतात तेही याच हिशेबाने, तिच्या द्रावणाने किती प्रकाश गिळला ते पाहून.

आणि हे कुरकुमीन प्रयोगशाळेत बनवायचे असेल तर? आइस्क्रीमला व्हॅनिलाचा वास देणारे व्हॅनिलिन घ्यायचे. तोही एक कडेवाला अल्डिहाइडच. त्याचे दोन रेणू आणि ॲसिटिलॲसिटोनचा एक. सरांनी वजने सांगितली आणि मी सवयीने खतावणी मांडली. व्हॅनिलिन 152, दोनदा, म्हणजे 304. ॲसिटिलॲसिटोन 100. एकूण जमा 404. कुरकुमीनचे वजन 368. फरक 36. आमच्याकडे छत्तीस रुपयांचा फरक आला की रात्री दहापर्यंत कोणी घरी जात नाही, आणि छत्तीसचा आकडा तसाही वाईटच. पण इथे फरक पाच सेकंदांत सापडला. पाण्याच्या रेणूचे वजन 18. दोन पाणी सोडले. टॅली! बी.कॉम.नंतर इतका स्वच्छ ताळेबंद माझ्या हातून पहिल्यांदाच जुळला. हाच ताळेबंद क्लासने मांडून दाखवला असता तर मुलांना सूत्र पाठ करावेच लागले नसते.

यात एक गंमत आहे, ती बप्पांना फार आवडली. ॲसिटिलॲसिटोनमध्ये पाच कार्बन ओळीने असतात. खरा सौदा दोन टोकांच्या कार्बननी करायचा असतो. पण मधला कार्बन सगळ्यांत उतावळा. त्याच्या दोन्ही बाजूंना तसले ओढाळ शेजारी असल्यामुळे त्याचे हायड्रोजन सगळ्यांत सैल. व्हॅनिलिन आले रे आले की हा मधला पुढे होतो, सौदा आपणच उरकतो आणि टोके बसतात बघत. कुरकुमीन काही होत नाही. म्हणून 1964 साली पाबोन यांनी जी रीत प्रसिद्ध केली तिच्यात मधल्याला बोरॉनच्या संयुगाने बांधून ठेवतात, मग दोन्ही टोके निवांत व्यवहार करतात. शिवाय बोरॉनचेच दुसरे एक संयुग सुटलेले पाणी टिपून घेते, नाही तर ते पाणी मधे लुडबुडून काम बिघडवते.

बप्पांनी हे दोनदा सांगायला लावले. मग म्हणाले, "साहेब, मधल्याला बांधून ठिवायचं हे औषध मोंढ्यात मिळतंय का?"

प्रामाणिकपणे सांगायला हवे, की हळदीचे रोप हा उद्योग असा करीत नाही. त्याच्याकडे ना फ्लास्क ना बोरॉन. ते फेरुलिक आम्लाच्या जातीचे तयार तुकडे दुसऱ्याच रीतीने जोडत त्याच मुक्कामाला पोचते. पण मुक्कामाचा पत्ता एकच आहे आणि पिवळ्या रंगाचे कारणही एकच. साडीवर हळदीचा डाग पडला आणि साबण लावला की तो लाल होतो, हे आमच्या हिला लग्नाच्या आधीपासून माहीत आहे. क्षार कुरकुमीनचा हायड्रोजन ओढून घेतो म्हणून रंग फिरतो. तेच द्रावण क्षारात तसेच ठेवले तर रेणू हळूहळू मोडतो, आणि त्या तुकड्यांत व्हॅनिलिन पुन्हा सापडते. जोडणे, पाणी सोडणे, रंग येणे, मोडणे, सगळा धडा एका हळकुंडात आणि एका साबणाच्या वडीत आहे. त्याला फी नाही.

आणि फी कशातून जाते? हे मी सांगू शकतो, कारण व्हाउचर माझ्या हाताखालून जाते. मार्च-एप्रिलमध्ये मोंढ्यात हळद विकली जाते, पैसे खात्यावर येतात, आणि जूनमध्ये तेच पैसे नांदेडला, लातूरला क्लासच्या खात्यावर जातात. एका बाजूने हळद येते, दुसऱ्या बाजूने क्लास जातो, मधे मी शिक्का मारतो. वसमतच्या हळदीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. वसमतलाच हळदीचे संशोधन केंद्रही आहे. जिल्ह्याची ओळखच आता हळद. आणि त्या जिल्ह्यातले, हळदीच्या पैशावर शिकणारे, कपड्यांना हळदीचा वास येणारे पोर दोन वर्षे रसायनशास्त्र शिकते आणि त्याला हळद आणि तो धडा यांचा संबंध आहे एवढेही कोणी सांगत नाही. गिऱ्हाइकाचे पैसे मोजून घ्यायचे आणि त्याच्याच खात्यातली शिल्लक त्याला सांगायची नाही, हा प्रकार बँकेत झाला तर आम्ही सस्पेंड होऊ.

हे नुसते भावनेचे प्रकरण नाही. बप्पांची हळद मोंढ्यात जाते तेव्हा व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग बघतो, दाताखाली धरतो, ओलाव्याबद्दल नाक मुरडतो ("बप्पा, कुठंतरी पाणी मुरतंय!") आणि भाव बोलतो. बप्पांच्या पट्टीवर वजन असते, भाव असतो, हमाली-तोलाई असते. कुरकुमीनचा रकाना नसतो. तीच हळद पुढे कुठे तरी गोळीच्या डबीत बसते तेव्हा डबीवर फक्त कुरकुमीन असते, तेही मिलिग्रॅममध्ये. क्विंटलने विकणारा आणि मिलिग्रॅमने विकणारा, यांच्या मधल्या अंतराला रसायनशास्त्र म्हणतात. ते अंतर चालून जाईल असे पोर बप्पांच्या घरात आहे. त्यांचा नातू कन्येच्याच बॅचला आहे. तो रोज पहाटे पाचला उठून मोठ्याने म्हणतो, "अल्डॉल तापवला की पाणी सोडतो." कुंपणापलीकडून मला ऐकू येते. त्याच वेळी त्याचा आजा हळद पलटवत असतो. दोघांची गाठ पडू नये याची काळजी चौकटीने घेतलेली आहे.

क्लासची बाजू मला माहीत आहे, कारण आमचे मॅनेजर साहेब ती हिरिरीने मांडतात. त्यांचा मुलगा त्याच मार्गाने गेला. ते म्हणतात, "अहो, परीक्षा मिनिटावर आहे. स्पर्धा आहे. तत्त्वज्ञान डॉक्टर झाल्यावर करा." म्हणणे वजनदार आहे, म्हणून मी त्याला माझ्याच धंद्यातले उत्तर देतो. आमच्याकडे नवी कॉम्प्युटर प्रणाली आली तेव्हा ज्यांनी 'अमुक बटण दाबा, मग तमुक दाबा' असे पाठ केले होते, ते पडद्याचा रंग बदलला तरी बंद पडत. ज्यांना नावे आणि जमा या दोन गोष्टींचे कारण कळलेले होते, त्यांनी पडदा उलटा दाखवला असता तरी दिवस बंद करून दाखवला असता. 'कामून'ला मिनिट लागते, कबूल. पण ते एकदाच लागते. पाठांतराला प्रत्येक रेणूमागे लागते, आणि अल्डिहाइडांची संख्या आमच्या शाखेच्या खातेदारांपेक्षा जास्त आहे. परीक्षा घेणारेही अडाणी नसतात. त्यांनी ॲसिटाल्डिहाइड काढून आयसोब्युटिराल्डिहाइड घातला की त्रिकोण पाठ केलेले पोर हसत हसत पाणी सोडते आणि गुणांवरही पाणी सोडते. मॅनेजर साहेब यावर "तुमचा क्लिअरिंगचा गठ्ठा झाला का?" असे म्हणाले. मी ते निरुत्तर झाल्याचे लक्षण मानतो.

मी क्लासला पत्र लिहिले. साधे, अर्जाच्या भाषेत. महोदय, चौकटीतील 'पाठ करा' हे शब्द काढून तेथे 'केव्हा आणि कामून' असे लिहावे. पाणी न सोडणाऱ्या एका अल्डॉलचे उदाहरण द्यावे. ॲसिटाल्डिहाइडच्या जोडीला हळदीचा ताळेबंद मांडावा. आणि वर्षातून एक दिवस वर्गात हळदीची पूड आणि साबणाची वडी आणावी. दोन्हीचा खर्च मी देईन, पावती नको. कळावे. पत्रावर मी शाखेचा नव्हे, स्वतःचा पत्ता घातला, कारण आमच्या शाखेत पत्र आवक क्रमांक लागेपर्यंत परीक्षा होऊन जाते.

पंधरा दिवसांनी उत्तर आले. 'आदरणीय पालक, आपल्या मौलिक सूचनेबद्दल आभारी आहोत. राहिलेला हप्ता महिनाअखेर भरावा.' सोबत एक माहितीपत्रक होते. यंदा यश न मिळाल्यास पुढच्या वर्षीच्या रिपीटर बॅचमध्ये, आधी नाव नोंदवणाऱ्यांना, फीमध्ये सवलत. माहितीपत्रक चांगल्या गुळगुळीत कागदावर, झळझळीत पिवळ्या रंगात छापलेले होते. आमची ही म्हणाली, फळीवर अंथरायला होईल. कन्या ते घेऊन मोरीत गेली, एका कोपऱ्याला साबण चोळला आणि उजेडात धरून बघितले.

लाल झाला नाही.